कोणता कान

ओश, गुरुवार, १६ ऑक्टोबर २००३

प्रिय कालिपा,

तुझ्याकडे सगळे खुशाल असतील असं धरून चालते. जलालाबादला थंडी पडली का? इथे दुपारचं ऊन अजून चटका देतं. माझ्या मेरिमचं लग्न झालं, तिला मुलगा झाला, त्याला खालचे दोन दात आलेत. बारा वर्षांत तुला एक ओळ लिहिली नाही आणि आता दातांचं सांगत बसले आहे.

परवा बाजारात तुझी सून भेटली. पत्ता तिनेच दिला. म्हणाली, "सासूबाईंचे कान वाजतात. दिवसभर रेडिओ मोठ्याने लावून बसतात, घरात कोणाला काही सुचत नाही." मला वाईट वाटायला हवं होतं. खरं सांगते, बरं वाटलं. माझेही वाजतात. आपल्या गिरणीतले माग चालू होते तोवर कळलंच नाही. गिरणी बंद पडली आणि मग ऐकू यायला लागलं, केटलीतलं पाणी उकळायच्या आधी करतं तसं. तुझंही तसंच का गं? की वेगळं?

मेरिमने ओढून डॉक्टरकडे नेलं. पोरसवदा डॉक्टरीण. म्हणाली, "मावशी, मागांनी तुमच्या कानातले काही सूर मारून टाकलेत. ते मेंदूपर्यंत पोचत नाहीत, मग मेंदू ती रिकामी जागा आपल्या मनाने भरून काढतो. आवाज बाहेर नाहीच."

मी विचारलं, "नाहीच, तर मी ऐकते ते काय?"

"सवय करून घ्या," म्हणाली. तेव्हापासून माझं मन थाऱ्यावर नाही.

आपण नव्या होतो तेव्हाचं आठवतं? दोन महिने शेजारच्या मागांवर उभ्या राहून, त्या खडखडाटात नुसत्या ओठांनी बोलत होतो. मग एकदा वीज गेली, सगळं खातं थांबलं आणि तुझ्या तोंडून निघालं, "मेला माझा धागा."

"हा तुझा आवाज? शेळीचा?" मी म्हटलं.

"आणि तू मोठी बुलबुल लागून गेलीस," तू म्हणालीस. त्यानंतर आपलं जमलं ते जमलंच.

तेव्हा कधीतरी क्षणभर कान वाजला की आपला खेळ ठरलेला, मनात इच्छा धरायची आणि विचारायचं, कोणता कान? समोरचीने बरोबर ओळखला तर इच्छा पुरी. तू नेहमी डावा म्हणायचीस. मी नेहमी हो म्हणायची. कित्येकदा उजवा असायचा.

आज गुरुवार, गेलेल्यांना आठवायचा, म्हणून असानालीच्या नावाने कणकेचे तुकडे तळले; कसाही असला तरी नवरा. वास गेलेल्या माणसापर्यंत पोचतो म्हणतात. पोचत असेल. मला एवढंच ठाऊक आहे, की तेल चरचरतं तेवढा वेळ माझे कान गप्प बसतात. शांत वाटायला मला आवाज लागतो, हे कोणाला सांगू?

आता ज्यासाठी कागद घेतला ते लिहिते.

असानाली इस्पितळात होता, दारूने पार पोखरलेला. मी तिथून थेट पाळीवर आले. तुला ओठांनी सांगितलं, डॉक्टर काही सांगत नाहीत. तेवढ्यात माझी बाण्याची, आडव्या धाग्याची कांडी संपली, माग थांबला, नवी भरलेली कांडी शिल्लक नव्हती. मी आणायला धावले, तर तू हात वर करून मला अडवलंस आणि ओठांनीच म्हणालीस, "मरू दे."

तिसऱ्या दिवशी तो गेला. तू दोनदा दाराशी आलीस, दोन्ही वेळा मी मेरिमकडून सांगितलं, आई घरात नाही. अबोला का धरला ते तुला सांगितलं नाही. कोणालाच सांगितलं नाही.

त्या डॉक्टरणीचं ऐकल्यापासून माझा घोळ झाला आहे. "मरू दे" आणि "भरू दे" ओठांवर सारखेच दिसतात, कालिपा. कांडी भरू दे, घाई करू नकोस, असं म्हणाली असशील का तू? माझ्या दंडावरचे वळ तू पाहिले होतेस, म्हणजे पहिलंही म्हणाली असशील. पण तू दुसरं म्हणाली असशील, तर पहिलं कोण म्हणालं?

मला तेव्हा राग आला नव्हता. ते वाचून मला सुटल्यासारखं वाटलं. राग त्याला माती दिल्यानंतर आला, आणि तो तुझ्यावर काढणं सोपं होतं. बारा वर्षं मला तुझी गरज होती आणि मी तुला दाराबाहेर ठेवलं.

उत्तर लिहू नकोस. लिहिलेलंही मी माझ्या सोयीने वाचेन. सकाळच्या मिनिबसने ये. समोर बसू नकोस, शेजारी बस, म्हणजे तुझे ओठ मला दिसणार नाहीत. आणि त्या शेळीच्या आवाजात एकदाच, मोठ्याने, काय म्हणाली होतीस ते सांग. उजव्या कानाला कमी ऐकू येतं, तेव्हा डाव्याशी बोल. या वेळी मी खोटं हो म्हणणार नाही.

दोन्हींपैकी कोणता शब्द हवा आहे हे न कळलेली, पण दार उघडं ठेवलेली,

तुझी झुराकान