तीन बावन्नचा मेल

सोम. १६ जुलै २००७
हॉर्नबीच्या गोदामाचे बोल्ट चुकले. सकाळी साडेआठला क्राइस्टचर्चहून साइटचा फोन. पायाचं काँक्रीट ओतून झालंय आणि लोखंडी खांब बोल्टांवर बसतच नाहीयेत. सगळे १२० मिमी सरकलेले. कारण त्यांच्याकडे जुनं ड्रॉइंग, रेव्हिजन बी. सुधारलेलं सी मागच्या मंगळवारी जायला हवं होतं. पाठवणारी मी.
सेन्ट आयटम्स उघडले. दुपारी ३.५२. अटॅचमेंट: बी.
कुणाला बोलले नाही.

मंगळ. १७ जुलै
मीटिंग. मरे (बॉस. खरंच हे नाव आहे, आई अजून हसते) शांतपणे विचारत होता. आमचा ड्राफ्ट्समन क्रेग स्वतःहून म्हणाला, बी आणि सी मी एकाच फोल्डरमध्ये ठेवले होते, नावंही जवळजवळ सारखी. मरे म्हणाला, "मग कुणाचाही घोळ झाला असता. क्रेग, फायलिंग नीट कर." आणि वहीत काहीतरी लिहिलं. गेल्या वर्षी पण क्रेगबद्दल असंच काहीतरी लिहिलं होतं त्यानं.
क्रेग, "येह, फेअर इनफ."
मी तोंड उघडलं होतं. मिटलं. का मिटलं?

बुध. १८ जुलै
मला माहितीये काय झालं ते. इथं दुपारचे तीन वाजले की पुण्यात सकाळचे साडेआठ. बाबा गेल्यापासून आई चहा झाला की चॅटवर येते. स्क्रीनवर खाली खिडकी लुकलुकते, "मेधा, जेवलीस का?" मी ड्रॉइंग सोडून उत्तर देते. एक ओळ, मग दहा. मग परत ड्रॉइंगवर आलं की आपण कुठे होतो तेच आठवत नाही.
आज लिहिलं, कामाच्या वेळात नको आता. शनिवारी फोन करत जाईन.
"काही झालं का?"
"चूक झाली कामात."
बराच वेळ ती टाइप करतेय असं दिसत राहिलं. मग एवढंच, "माझ्यामुळे?"
"नाही गं."
"बरं."
नाही गं हे खोटंच.

शुक्र. २० जुलै
मेसेंजर काढून टाकला. मेल फक्त दहाला आणि दोनला. मोबाइल ड्रॉवरमध्ये. मराठी गप्पांची साइट बंद. हात आपोआप माउसकडे गेला की कागदावर एक काडी मारायची.
आज ३१ काड्या. एकतीस!! आणि मी स्वतःला कामसू समजत होते.

बुध. २५ जुलै
९ काड्या. क्रेनच्या तुळईचं गणित दोन आठवडे लोंबकळत होतं, आज एका दुपारी संपलं. पाच कधी वाजले कळलं नाही. असं डोकं चालायचं माझं, कॉलेजात, विसरलेच होते.
खूश व्हायचं की नाही? मागच्या टेबलावर क्रेग हॉर्नबीच्या दुरुस्तीची ड्रॉइंगं काढत होता. जेवायलाही उठला नाही.

रवि. २९ जुलै
अवोन्डेलच्या बाजारात श्रीला सगळं सांगून टाकलं. नवऱ्याशी बोलायला कोथिंबिरीच्या ढिगापुढेच वेळ मिळतो.
श्री म्हणाला, "त्याचं फोल्डर गोंधळलेलं होतंच ना? मग?"
होतंच. तीच तर अडचण. क्रेगची काहीच चूक नसती तर मी बोलले असते. बहुतेक. नक्की नाही.
घरी आल्यावर पिशवीत कोथिंबिरीच्या चार जुड्या. दोनदा घेतली.

गुरु. २ ऑगस्ट
मरेनं बोलावलं. वाटलं, कळलं त्याला. तर म्हणे, "हल्ली तुझं काम सुरेख चाललंय. गोदामाचा दुसरा टप्पा तू सांभाळ." मी "थँक यू" म्हणाले. चक्क थँक यू.
क्रेग दारातून, "गुड ऑन या."

शुक्र. ३ ऑगस्ट
मेसेंजर काढला तरी जुन्या गप्पांची फाइल मशीनवर होतीच. कशाला उघडली कुणास ठाऊक. मंगळ. १० जुलै. आईची शेवटची ओळ ३.१८ची, "तुला काम असेल. ठेवते."
३.५२ला आई नव्हतीच.
मग कोण होतं? मराठी साइट उघडली. 'परत जावं की इथंच राहावं?' हा चर्चेचा धागा. माझी उत्तरं ३.२४, ३.३१, ३.४०, ३.४९, ३.५५. कुणा अनोळखी माणसाला हिरीरीनं पटवत होते की इथं राहून माणसाला कामाची शिस्त लागते.
म्हणजे आईला म्हटलं ते 'नाही गं' खरं होतं. खोटं मी मलाच सांगत होते, अडीच आठवडे. आईच्या नावावर घातलं की जरा बरं वाटत होतं का?

शनि. ४ ऑगस्ट
आईला फोन. म्हटलं, तुझ्यामुळे नव्हतं, तपासलं मी.
"असू दे गं. मी हल्ली कॉम्प्युटरवर कापड टाकून ठेवते. नाहीतर हात जातो."
"मग साडेआठला काय करतेस?"
"काही नाही. बसते."
पाऊस आहे का विचारलं.

सोम. ६ ऑगस्ट
क्रेगला सांगितलं, किचनमध्ये. सी तुझ्या फोल्डरमध्ये नीट दिसत होतं, मी न बघता बी उचललं, मी दुसरंच काहीतरी करत होते.
त्यानं चहात दूध घातलं, ढवळलं.
"आय नो. तुझ्या मागेच बसतो मी. स्क्रीन दिसते."
"मग बोलला का नाहीस?"
"तू बोलशील असं वाटलं."
कप घेऊन गेला. रागावला असता तर बरं झालं असतं.

मंगळ. ७ ऑगस्ट
मरेला सांगितलं. सगळं, धाग्यासकट. त्यानं चष्मा काढून ठेवला. "सांगितलंस ते बरं केलंस. दुसऱ्या टप्प्याचं मला विचार करून सांगावं लागेल." वहीत क्रेगबद्दल लिहिलं ते खोडशील का, मी विचारलं. तर म्हणाला, "क्रेगनं आज सकाळी नोटीस दिली. तुला माहीत नाही?"
नेल्सनला भावाकडे जातोय म्हणे. तिथं बोटींच्या कामात.
एकोणीस वर्षं आहे तो इथं.

गुरु. ९ ऑगस्ट
दोन दिवस धीर होत नव्हता. आज विचारलंच. का चाललास?
"हीप्स ऑफ रीझन्स."
"त्यात मी आहे?"
त्यानं खरंच विचार केला. म्हणाला, "असशील. किती, ते मलाही नाही सांगता येणार."
मग दुसऱ्या टप्प्याच्या जिन्याचं ड्रॉइंग घेऊन बसलो दोघं. मरे अजून काहीच बोललेला नाही, काम तर करायलाच हवं. सकाळपासून मेल बंद, मोबाइल ड्रॉवरमध्ये, कागदावर एकही काडी नाही. क्रेगनं एका उंचीभोवती लाल पेननं गोल केला. माझा आकडा. चुकलेला.