पेट्रोलात तेल

३ फेब्रुवारी ८९, शुक्रवार
निंबा नवी मोटरसायकल आमच्या ओट्याशी लावून गेला. आमच्या मंदाचा होणारा नवरा. सुपारी फुटलीय, लग्न आखाजीच्या मुहूर्तावर. त्याचं आठवडाभर जळगावला ट्रेनिंग. धुळ्यात खोलीपुढून गाड्या चोरीला जातात म्हणे. फिरवत राहा आबा, घरचीच समजा, म्हणाला. गाडी फोर स्ट्रोक. वर एक पुस्तकही दिलं. ठेवलं फळीवर. पंधरा वर्षं राजदूत चालवतो, मला काय पुस्तक!

५, रविवार
अमळनेरला पेट्रोल भरलं. पंपावरचा पोरगा तेल मिसळेना — हिला लागत नाही म्हणे. आळशी! मीच माप घेऊन टाकीत ओतलं, राजदूतच्या पेट्रोलात टाकतो त्यापेक्षा जरा जास्तच. जावयाची गाडी, कंजुषी कशाला.

७, मंगळवार
धूर निघतो. निळा. मंदा म्हणे, त्यांच्या हाती नव्हता निघत. नवी आहे, निघेल थोडा.

८, बुधवार
शेतातून येताना बंद पडली. किका मारून पाय भरला. झुलाल मेस्त्रीपर्यंत ढकलत नेली. त्याने प्लग काढला — काळा, तेलात भिजलेला. टाकीचा वास घेतला अन् माझ्याकडे बघत बसला.
"आबा, हिनं तेल टाकीमा नही, इंजिनमा टाकतस."
खालचं झाकण उघडून दाखवलं. तिथलं तेल तळाला गेलेलं. मी वर ओततोय अन् खाली पोट कोरडं! इंजिन गेलं का, विचारलं. उघडल्याशिवाय सांगत नाही म्हणे.
मंदाची माय एवढंच बोलली — "पोरनं लगीन मोडशात तुम्ही."
जेवलो नाही.

९, गुरुवार
झुलालला घेऊन तेल आणायला गेलो. दुकानदार पिंपातलं सुटं दाखवतो — चाळीस नंबर, ट्रकला हेच जातं, तुमच्या विहिरीवरच्या इंजिनालाही हेच नेता की. घेतच होतो. झुलाल नाही म्हणाला. बारीक इंजिन, पहाटेच्या थंडीत एवढं जाड तेल वर चढत नाही. वीस-चाळीसचा सीलबंद डबा घ्या. तेल म्हणजे तेल, त्यालाही नंबर! घेतला मुकाट. झुलालनं इंजिन उघडून साफ केलं, तेल भरलं. वाचलं. सुरू झाली.

११, शनिवार
अजून थोडा धूर आहेच. निंबा उद्या येतो. मंदाची माय म्हणे, गप्प बसा.

१२, रविवार
आला. किक मारली, धूर पाहिला. मी आत सदरा घालत होतो. मंदा पाणी घेऊन बाहेर गेलेली. तिला म्हणाला —
"तू हात लावला ना गाडीला? बोल. तोंड नाही का तुला?"
काय तो आवाज! मंदा तांब्या धरून उभी. माझं नाव घेतलं नाही पोरीनं.
बाहेर आलो. म्हटलं, पेट्रोलात तेल मी टाकलं.
लगेच हसला. "अहो आबा, होतं असं. तुमचीच गाडी आहे."
चहा घेतला, पाया पडला, गेला. मंदाच्या मायचा जीव भांड्यात पडला. देवमाणूस जावई, म्हणे.
मंदा भांडी घासत बसली. वर बघितलं नाही.

१३, सोमवार
मंदाला विचारलं, काय करू. म्हणाली, "आबा, काल तुम्ही आयकं ना?"
धुळ्याला जाऊन सोयरीक मोडून आलो.