माठाच्या आवाजात हरवलेला खोकला

पोलादपूर, रविवार, १४ मार्च १९९९

माठाच्या तोंडावर स्पीकर ठेवून भजनं ऐकणाऱ्या आम्हा लोकांना हे मीटरवाले अडाणीच समजतात! संध्याकाळी दत्तूच्या घरी हेच तावातावाने बोललो. दत्तू महाडच्या कारखान्यात मापयंत्रं तपासतो. आता मोजूनमापून स्पीकरचं लाकडी खोकं बनवलंय त्याने.

"काका, गाण्यात मुळात नसलेला घुमणारा आवाज माठ आपल्या पदरचा भरतो."

"तुझ्या मीटरनं बापाचं भजन कधी ऐकलंय काय रे?" त्याची आई, म्हणजे आमच्या वहिनी, कडाडल्या.

त्याने वारलेल्या वडिलांची कॅसेट खोक्यावर लावली. भजनाआधी एक बारीक खोकला. माठावर तो कधीच ऐकू आला नव्हता. वहिनी थिजल्या.

"ते असंच खोकायचे... परत लाव."

तीनदा ऐकला तो खोकला. मग डोळे पुसत म्हणाल्या, "गाणं मातुर माठावरच गोड हाय."

वाटलं, दत्तू चिडेल. तो हसला आणि हवा तेव्हा माठ, हवं तेव्हा खोकं लागावं म्हणून दोन्ही स्पीकरना मिळून एक बटण बसवायला लागला. एवढं मोठं मन माझ्या कुठल्या भाषणात होतं? आणि तो खोकला! मी तर खोकं फेकायला सांगत होतो.

उद्या तो कामावर निघण्याआधी त्याच्या दारात जा आणि वहिनींसमोर सांग: दत्तू, मी चुकलो.