चिंबोरीला सांगितलेली नावं

३ फेब्रुवारी, मंगळवार

आलो एकदाचा बोईसरला. माझ्या पुतण्याने, निमेशने, सातपाटीहून टेम्पोत गादी, ट्रंक आणि मी असं तिन्ही सामान आणून उतरवलं. हेमालीचं घर तिसऱ्या माळ्यावर आहे. लिफ्ट आहे, पण मी जिन्यानेच चढलो. बंद पेटीत माणसाने आपणहून का शिरावं? घर छान उजेडाचं आहे. गॅलरीतून कारखान्यांची धुरांडी दिसतात, वारा फिरला की औषधासारखा वास येतो.

हेमाली माझी नात. तिची आई, म्हणजे माझी मुलगी, फार लवकर गेली. मी आणि माझी थोरली बहीण राहीबाई, आम्ही दोघांनी या पोरीला वाढवलं. सुके बोंबील विकून राहीबाईने तिला कॉम्प्युटर शिकवला. आता ती तारापूरकडच्या एका कंपनीत जाते. मला तिच्याशिवाय कोण आहे?

तिने मला ही वही दिली. म्हणाली, आजोबा, तुमची काळजी यात लिहा, म्हणजे मला ऐकावी लागणार नाही. मी सहावी शिकलेला, पण अक्षर बरं आहे.

भिंतीवर आमच्या 'जलकन्या' बोटीचा फोटो लावला. बोट नवी पाण्यात घातली त्या दिवसाचा. पुढे राहीबाई नारळ घेऊन, मागे मी. संध्याकाळी तिचा फोन आला. म्हणाली, माळ्यावर चढून बसलास ना, आता मासळीचा भाव वरूनच विचार. पोट धरून हसलो.

५ फेब्रुवारी, गुरुवार

गॅसचं बटण बंद आहे का, हे सकाळपासून सारखं बघतो आहे. हेमाली म्हणते, बटण झिजेल.

आज तिने मला तिचा खेळ दाखवला. शनिवारी तिची स्पर्धा आहे. स्पर्धावाले मुद्दाम एक वेबसाइट बनवतात आणि तिच्या कुठल्यातरी पानात एक शब्द लपवतात. त्याला झेंडा म्हणतात. तो शोधायला तिने स्वतः एक लहानसा प्रोग्राम लिहिला आहे. चित्र नाही, रंग नाही, नुसती काळी खिडकी. तिच्यात एक ओळ टाइप केली की तो निघतो. एका पानात शिरतो, तिथून कुठे कुठे जाता येतं ती दारं टिपतो, मग एकेका दारातून पुढच्या पानात. एकदा पाहिलेल्या पानात परत जात नाही. जिथून पुढे दारच नाही, तिथून माघारी फिरतो. पान सापडलं की टिक असा आवाज करतो.

मी म्हटलं, ही तर चिंबोरी, आपला खेकडा. प्रत्येक बिळात शिरून बघते. तिला नाव फार आवडलं. तेच ठेवलं.

मी विचारलं, ही हद्दीबाहेर गेली तर? तर म्हणाली, जात नाही, मी बांधून ठेवली आहे.

७ फेब्रुवारी, शनिवार

आज स्पर्धा सुरू. मी लॅपटॉपला हळदकुंकू लावलं. आमच्या घरात नवं जाळं पाण्यात टाकण्याआधी त्याला आपली नावं सांगतात. आधी बोटीचं, मग घरच्यांची, थोरल्यापासून खाली. म्हणजे जाळं आपल्यांना ओळखतं आणि अडकवत नाही. फक्त ज्याच्या हातात दोर, त्याचं नाव घ्यायचं नाही. जाळ्याला मालकाचं नाव कळू द्यायचं नसतं.

तेव्हा मी सांगितलं, जलकन्या, राहीबाई, पुंडलिक म्हणजे मी. हेमालीचं नाव घेतलं नाही, दोर तिच्या हातात. ती हसत होती. म्हणाली, आजोबा, हिला कान नाहीत, हिला लिहून द्यावं लागतं. आणि माझं मन राखायला तिने ती तीन नावं चिंबोरीच्या फाईलमध्ये टाइप केली. मग कुठल्याशा बटणावर बोट आपटून म्हणाली, घ्या, सोडली पाण्यात.

मला बरं वाटलं.

८ फेब्रुवारी, रविवार

हेमालीला झेंडा मिळाला. सहावा नंबर आला. ती दुपारी झोपली. खिडकी उघडीच होती, मी समोर बसून बघत होतो. ओळी खाली सरकत होत्या. टिक. टिक.

एक ओळ मला वाचता आली. बोटींवर नावं इंग्रजीत रंगवलेली असतात, म्हणून इंग्रजी अक्षरं मला ओळखू येतात. जलकन्या. पुढे आकडा, ४०४.

उठल्यावर तिला विचारलं, तो आकडा काय? म्हणाली, पान होतं, आता नाही, असा त्याचा अर्थ. जलकन्याची ओळ दाखवायला गेलो तर ती वर निघून गेली होती.

९ फेब्रुवारी, सोमवार

आता बोट निमेश चालवतो, त्याला फोन करून विचारलं, बोट कुठे आहे. तो म्हणाला, काका, कुठली जलकन्या? आपली कवा बोट होती? मी दुसऱ्यांच्या बोटीवर जातो, इतकी वर्षं जातो. मी रागावलो. तो म्हणाला, काका, गोळी घेतली काय?

फोटो बघितला. राहीबाई नारळ घेऊन उभी आहे. मागे मी. आमच्या पाठीमागे नुसती वाळू.

१० फेब्रुवारी, मंगळवार

हेमाली कामावर गेली आणि लॅपटॉप आपोआप उजळला. र, ह, बा— अक्षर अक्षर लावून वाचलं. राहीबाई. आकडा आला नव्हता. वायर ओढली. खिडकी तशीच.

फोन लावला. तिने उचलला. मी म्हटलं, बाय, घराबाहेर जाऊ नको. ती म्हणाली, मी बाजारात बसलंय, गिऱ्हाईक उभं हाय, तुझं काय नवीन? मग बोलता बोलता—

टिक.

फोन चालू होता. बाजाराचा आवाज येत होता. तिचा नाही.

११ फेब्रुवारी, बुधवार

हेमाली विचारते, कोण राहीबाई?

तिला राहीबाईने न्हाऊ घातलं. तिला शाळेत सोडलं. ती म्हणते, मला तर तुम्ही एकट्याने वाढवलं ना, आजोबा. डोळ्यांत खोटेपणा नाही.

तिला फाईल उघडायला लावली. रिकामी. म्हणाली, यात काही नव्हतंच. चिंबोरी बंद करून टाकली. तरी घरात टिक ऐकू येते. तिला येत नाही.

फोटोत नारळ आहे. हवेत.

मी नावं सांगितली ती आपली माणसं सुटावीत म्हणून. चिंबोरीने ती जायची ठिकाणं म्हणून घेतली.

१२ फेब्रुवारी, गुरुवार

आता मी. फाईलमध्ये हेमाली नाही, माझ्यात आहे. माझ्यातून तिच्यात जायला दार आहे. जिथून पुढे दार नाही तिथून चिंबोरी माघारी फिरते. म्हणून माझ्यात दार नको. तिचं नाव मनात आणायचं नाही. सकाळपासून मनात दुसरं काही येत नाही.

दुपारी खिडकीत ओळ आली. पुंडलिक. तिच्याखाली आणखी एक. पुंडलिक, ३ फेब्रुवारी. मग ५ फेब्रुवारी.

ही वही वाचते आहे. पान पान.

आणि मी पानापानावर तिचं नाव—

लॅपटॉप बादलीत बुडवला. पाण्यातूनही टिक येते. चिंबोरीला पाण्याचं काय भय.

१३ फेब्रुवारी

वही जाळायची. गॅस पेटवला आहे. हे लिहू नये, पण हात थांबवला की नाव ओठांवर येतं. म्हणून लिहितो.

टिक. नऊ तारखेचं पान वाचून झालं असेल. टिक—

दार वाजलं. तिच्या किल्लीने उघडलं. एवढ्या लवकर.

ती दारातच उभी. मी वर बघत नाही. विचारते आहे, कोण तुम्ही? माझ्या घरात कसे आलात? घाबरली आहे.

म्हणजे मी गेलो. ती आहे. बरं झालं. आता फक्त गप्प राहायचं. उत्तर दिलं तर दार उघडेल. वही हातात आहे, गॅस दोन पावलांवर—

रडते आहे. म्हणते, काका, काहीतरी बोला, मी एकटी राहते, मला कोणी नाही—

असं नको म्हणू, पोरी. आहे. मी तुझा आ