तृप्त झालो, हे मी म्हणणार नाही

बालाजी घाट, वाराणसी
२ डिसेंबर १९९६

प्रिय प्रल्हाद,

'प्रिय' हाताच्या सवयीने लिहिलं गेलं, त्यावर जाऊ नकोस. तुझं पत्र मिळालं. तू इथे काशीत येऊन केलेल्या तुझ्या आईच्या यंदाच्या श्राद्धाला मी भर पंगतीत तुझं नाक कापलं, तुझ्या नीरजाच्या होणाऱ्या सासरपर्यंत बोभाटा झाला, आणि आता मी 'तृप्त झालो' असं दोन ओळींत लिहून द्यावं, नाहीतर घाटावरचं एकही घर मला यापुढे श्राद्धाला बोलावणार नाही अशी व्यवस्था करशील, असं तू म्हणतोस. खुशाल कर. नागपुरात बसून काशीतली माणसं हलवायची तुझी हौस जुनीच आहे.

झालं काय ते तू सोयीने विसरला असशील, म्हणून सांगतो. मी इरावतीकाकूंच्या जागी बसलो होतो. त्या पाटावर बसणारा स्वतःसाठी जेवत नाही, गेलेल्या माणसाच्या तोंडाने जेवतो. शेवटी यजमान विचारतो, तृप्त झालात ना, आणि आम्ही झालो म्हणतो. तीस वर्षं म्हणतोय. करपलेली खीर खाऊनही म्हटलंय. गेल्या वर्षी तुझ्याकडेही म्हटलं. यंदा शेजारच्या पाटावरच्या ढुंढिराजभटजींनी म्हटलं आणि माझी जीभ हलली नाही. तू तीनदा विचारलंस. वडे खुसखुशीत होते, खीर दाट होती, स्वयंपाकाला नाव ठेवायला जागा नव्हती. पण वाढता वाढता तू पाहुण्यांना सांगत होतास की आईला मी शेवटपर्यंत काही कमी पडू दिलं नाही. तिथेच माझा घास अडकला.

काकूंचं बोलणं आठवतं का तुला? माझ्या मुली हिंदीत 'दिया बुझा दो' म्हणाल्या, की त्या वरच्या मजल्यावरून ओरडायच्या, दिवा मालवतात म्हणून. बांगडी फुटली म्हणायचं नाही, वाढवली म्हणायचं. त्यांच्या घरातले तांदूळ कधी संपत नसत, उदंड होत. भूक भागवायची, तहान शमवायची, नवस फेडायचा, भांडण मिटवायचं. प्रत्येक गोष्टीच्या शेवटाला त्यांच्याकडे वेगळा शब्द, आणि तो चुकला की कानउघाडणी. शेवटचे अकरा महिने त्यांनी फक्त तुझी वाट पाहिली. ते वाट पाहणं कशाने निवतं, त्याचा शब्द मात्र त्यांनी आम्हाला शिकवला नाही.

अकरा महिने, प्रल्हाद! तू टॉनिकच्या बाटल्या पाठवल्यास, लोकरीची शाल पाठवलीस. सोबतची चिठ्ठीही तुझ्या अक्षरातली नसायची. कधी तुझी बदली, कधी घराचं बांधकाम, कधी नीरजाची परीक्षा. मी रोज पूजा आटोपून वर जायचो आणि काकू दाराकडे बघत विचारायच्या, काही कळलं का. मी सांगायचो, पुढच्या आठवड्यात निघतोय. एकदा तर तुझं रिझर्वेशन झालंय म्हणालो, गाडीची वेळही ठोकून दिली. त्या दिवशी त्यांनी धुवट लुगडं नेसवून घेतलं आणि संध्याकाळपर्यंत उशीला टेकून बसल्या. हे पाप माझं आहे, ते तुझ्या माथी मारत नाही. पण त्या जिवंत असताना तुझ्यापायी त्यांच्याशी एवढं खोटं बोललो, आता त्यांच्या तोंडून तुझ्याशी खोटं बोलवत नाही.

तेव्हा तुला हव्या त्या दोन ओळी मिळणार नाहीत. त्याऐवजी दुसरं काही सांगतो. जाण्याच्या आदल्या दिवशी काकूंनी माझा हात धरला आणि म्हणाल्या, माझी थाप त्यांनी पहिल्याच महिन्यात ओळखली होती. तू येणार नाहीस हे त्यांना ठाऊक होतं. त्यांना खरं ठाऊक आहे हे कळून मला वाईट वाटू नये, म्हणून त्या रोज विचारत राहिल्या. मग त्यांनी मला शपथ घातली की हे प्रल्हादला कधी कळू देऊ नकोस, त्याच्या जिवाला लागेल. दोन वर्षं मी ती शपथ पाळली. आज मोडतो आहे. तुझ्या जिवाला लागावं, एवढ्याचसाठी हे पत्र लिहिलं.

तुझाच म्हणवत नाही, तरी
यज्ञेश्वर