चक्रधराच्या कपाळावरचा शिक्का

प्रिय जानकूस,

ओतूरहून गेणूचा रामराम. इकडे आम्ही सगळे ठीक आहोत, माझे गुडघे सोडून. तू, तुझा मुलगा, सूनबाई आणि तुमच्या नवव्या मजल्याची ती लिफ्ट, सगळ्यांच्या तब्येती बऱ्या असतील असं धरून चालतो. तू फोन उचलत नाहीस (वहिनी गेल्यापासून तुझ्या फोनला नुसतं वाजायचंच काम उरलंय), म्हणून हे पत्र. तुझ्या इथल्या घरावर ‘विकणे आहे’ अशी पाटी लागलेली पाहिली. त्याबद्दल मला काही म्हणायचं नाही. म्हणायचं असतं तर पहिल्याच ओळीत म्हणालो नसतो का? मला लिहायचंय ते कॉमिकबद्दल, कारण त्यात अर्धा वाटा तुझा आहे आणि विकायचं तर तुझी संमती लागेल.

‘चक्रधर आणि चंद्रावरचे चोर’ आठवतं ना? आपण दोघांनी वर्गणी काढून घेतलेलं. त्याचा चित्रकार लेण्याद्रीला दर्शनाला आला, तेव्हा पायथ्यापासून वरपर्यंत त्याची पिशवी वाहून आपण कव्हरावर सही मिळवली होती. ‘चि. गेणू आणि चि. जानकू यांना, पिशवीतल्या दगडांबद्दल क्षमा मागून.’ (दगड नव्हते, रंगाच्या बाटल्या होत्या, माझा खांदा मात्र अजून दगडच म्हणतो.) तो अंक परवा ट्रंकेत सापडला. अशा अंकांना शौकीन लोक भारी किंमत देतात असं ऐकून पुण्याच्या रुपालीताई म्हणून एक जाणकार आहेत, त्यांना फोटो धाडला. त्या म्हणाल्या, अंकाला दहापैकी गुण मिळतात आणि गुणांवर किंमत ठरते. पान नुसतं वाकलं असेल तर माहितगार माणूस बेताची ऊब आणि वजन देऊन ते प्रेस करतो, गुण वाढतात. पण घडी पडून रंग तुटला, पांढरी रेघ उमटली, की ती जन्मात जात नाही. सहीचं त्याहून अवघड. सही होताना गुण देणाऱ्या कंपनीचा माणूस समोर हजर असेल तर तिला मोल. नाहीतर चित्रकाराची सही आणि पोरांचा गिरगोटा एकाच मापात, उलट गुण कापतात.

साक्षीदार हवा, एवढंच ना? आपल्याकडे त्याची काय कमी! माझा साडू सावळेराम शेजारच्या गावचा सरपंच. त्यानं जांभळा गोल शिक्का काढला आणि थेट कव्हरावरच्या चक्रधराच्या कपाळावर हाणला. वर ‘सही खरी आहे’ असं लिहून खाली साक्षीदारांसाठी पट्टीनं दोन रेघा मारल्या. पहिलीवर स्वतःच सही ठोकली. (आपण लेण्याद्री चढलो तेव्हा हा जन्मालाही आला नव्हता, पण सरपंच म्हटल्यावर कोण बोलणार?) मग प्रेस करायला अंक दिला एसटी स्टँडजवळच्या भागू इस्त्रीवाल्याकडे. त्यानं तोंडात पाणी घेऊन फुर्रकन शिंपडलं, कोळशाची इस्त्री फिरवली आणि मी ‘अरे अरे’ म्हणेपर्यंत अंकाची चौघडी घालून वर्तमानपत्रात गुंडाळलासुद्धा. मी ओरडलो, तर मलाच म्हणतो, “भाऊ, इस्त्री करायची आन् घडी नाय घालायची? लोक काय म्हन्तील राव?”

रुपालीताई अंक बघायला आल्या. हातमोजे चढवून त्यांनी वर्तमानपत्र उलगडलं आणि आधी पाणी मागितलं. मधोमध पांढरी फुली, कपाळावर शिक्का. बाई रागावल्या नाहीत, त्याचंच मला जास्त वाईट वाटलं. म्हणाल्या, सही खरी दिसते, पण आपली नावं घातलेला अंक दुसऱ्याला नको असतो. मग सहज विचारलं, सही सकाळी झाली की दुपारी? पेन कुणाचं होतं? आणि जानकू, मला सांगता येईना. पेन तुझं होतं असं म्हणालो, मग वाटलं माझंच असेल. चित्रकार मंदिरात बसला होता की बाहेरच्या पायरीवर, तेही धड आठवेना. ज्या गोष्टीला आपण दोघं होतो, तिची मी एकट्यानं आठवण ठेवायची म्हणजे थोड्या दिवसांनी ती मलाच थाप वाटायला लागेल. त्या दिवशी मला भीती वाटली, खोटं कशाला बोलू. तुझ्याशिवाय इथे मला ‘तसं नव्हतं रे’ म्हणणारं कुणी नाही.

असो. संमतीचं तेवढं कळव. सूनबाईंना आशीर्वाद, लिफ्टला नमस्कार.

तुझा,
(दहापैकी दीड गुणाचा) गेणू

ता. क. संमती कळवू नकोस. रुपालीताई जाताना म्हणाल्या, हा असाच अंक मला स्वतःसाठी द्या, असा नमुना जगात दुसरा नसेल. मी नाही म्हणालो.

पुन्हा ता. क. ती पाटी मी काल उतरवून माझ्या पडवीत ठेवलीय. रागवायचं असेल तर इथे येऊन रागव. येताना चार दिवसांचे कपडे आण, आणि पेन आण. साक्षीदाराची दुसरी रेघ मी कुणाला भरू दिलेली नाही.