खालची काच

३ फेब्रुवारी

ती. आत्यास बारकीचा शि. सा. न. वि. वि.

आत्या, तीन रात्री झाल्या, डोळ्याला डोळा लागलेला नाही. बाळ झोपतं, मी नाही. तापलेल्या पोराच्या कपाळाला हात लावून बसतात ना, तसा मी भिंतीला हात लावून पडते. का ते सांगते, पण रागावू नकोस. फोन केला असता, पण तुला ऐकू येत नाही. तू नुसतं हो हो करून फोन ठेवतेस आणि मग शेजारणीला विचारत फिरतेस की पोरगी काय म्हणत होती. म्हणून आपलं पत्रच बरं.

आमच्या शेजारचं घड्याळवाल्याचं दुकान पाडलं. तिथे हॉटेल होणार आहे. जागा केवढी, तर दोन टेंपो शेजारी शेजारी उभे राहायचे नाहीत. आमची गल्ली जुनी, म्हणून सरकारी नियम आहे की समोरून पूर्वीसारखंच दिसलं पाहिजे आणि शेजारच्या घरांपेक्षा उंच बांधायचं नाही. हॉटेलवाल्याने डोकं लढवलं. वर जाता येत नाही ना, मग खाली जायचं. तळघर खणून तिथे भटारखाना करणार. नगरपालिकेच्या ऑफिसातले साहेब दोनदा आले. खिडक्यांना कुठला हिरवा रंग द्यायचा यावर तासभर बोलत उभे होते. खड्ड्यात एकानेही वाकून पाहिलं नाही.

त्यांची आणि आमची भिंत एकच आहे गं. खालची खोलीही तिच्यावर, वरचीही तिच्यावरच. त्या भिंतीच्या पायाखाली खणायला आमची सही लागत होती. हे लांबच्या फेरीला गेलेले, गाडी कुठे आहे तेही धड कळत नाही. सही मी केली. कारण हॉटेलवाल्याला मीच म्हटलं, माझा भाऊ पायाची कामं करतो, खोदाई त्याला द्या, मग सही देते. मला वाटलं, खाली घरचा माणूस असला की वर आपण निवांत झोपू. आपल्याच हाताने पायावर धोंडा मारून घेतला.

आता भिंतीला तडा गेलाय. जमिनीपासून निघालाय आणि बाळाच्या अंथरुणाजवळून वर चढलाय. दादा म्हणतो जुनं घर आहे, म्हातारीला सुरकुत्या यायच्याच. पण मी त्यात ब्लेड घालून पाहिलं. सोमवारी जात नव्हतं. आज जातं.

काय करू ते लिही. माया आहेच तुझी, ती असू दे, पण या वेळी अक्कलही पाठव.

तुझी,
बारकी


८ फेब्रुवारी

चि. बारकीस अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र मिळालं. मी फोनवर हो हो करते ते तुझं मन राखायला, हे ध्यानात ठेव. आणि शेजारणीला मी विचारत नाही, ती आपणहून सांगते.

तुझा बाप गवंडी होता. त्याच्या हाताखाली मी बारा वर्षं पाट्या वाहिल्या, तेव्हा मला थोडं कळतं. दुसऱ्याच्या भिंतीखाली खणायचं तर एक सोडून एक. तीन हात खणायचं, तीन हात तसंच ठेवायचं. खणलेलं बांधून काढायचं, ते सुकलं की मग ठेवलेलं खणायचं. सगळं एकदम उघडं केलं की भिंत लोंबकळते. तुझ्या दादाला हे शिकवावं लागत नाही, चालायच्या आधी त्याने हे पाहिलंय. त्याला विचार, एक सोडून एक चाललंय ना.

आणि एक कर. पातळ काचेच्या बोटभर रुंद पट्ट्या कापून घे. तड्यावर आडवी एक एक बसव, दोन्ही टोकांना सिमेंटचा गोळा, मध्ये काच मोकळी. वर तारीख लिही. भिंत हलली तर माती वाकते, विटा सरकतात, माणसं खोटं बोलतात. काच मात्र फुटते. तुझा बाप म्हणायचा, काच फुटली की अवजारं तिथेच टाकायची आणि बाहेर पडायचं, टोपीसाठीसुद्धा मागे फिरायचं नाही.

नाहीतर सरळ माझ्याकडे ये. इथे जागा आहे, फक्त माझं घोरणं सोसावं लागेल. मला ते ऐकू येत नाही, एवढंच माझं सुख.

बाळाला जपणे. तुझ्या पत्राची वाट बघणारी,
आत्या


१३ फेब्रुवारी

ती. आत्यास शि. सा. न. वि. वि.

आत्या, काच लावली. आधी मी शहाणी, चिकटपट्टीने लावली. दुपारी गळून पडली. दादा पोट धरून हसला. म्हणाला भिंतीला मलमपट्टी केलीस, आता गोळ्याही दे. मग कामाला लागला. आमच्या दोघांच्या फोटोची काच मी काढलेली, ती त्याने फ्रेमवाल्याकडून कापून आणली आणि स्वतः बसवली. एक खाली बाळाच्या अंथरुणाजवळ, एक माझ्या कमरेएवढी, एक डोक्याच्या वर. पेन्सिलीने तारीख घातली. तू लिहिलेलं त्याला वाचून दाखवलं. म्हणाला बाबांचं वाक्य आहे, मला पाठ आहे, खाली एक सोडून एकच चाललंय. त्या रात्री मी झोपले.

पण दुसऱ्याच दिवशी बांधकामाच्या ठेकेदाराने त्याला गावाच्या दुसऱ्या टोकाला, दुसऱ्या कामावर पाठवलं. तीन दिवसांसाठी. हॉटेलच्या उद्‌घाटनाची तारीख ठरलीय म्हणे. दादा नाही बघून त्यांनी मधलं ठेवलेलं सगळं उडवलं. मी वरच्या खिडकीतून पाहिलं. हिरडी उतरल्यावर दाढेचं मूळ दिसतं, तसा आमच्या भिंतीचा पाया उघडा. या टोकापासून त्या टोकापर्यंत.

दादाचा फोन लागेना. मी बाळाला कडेवर घेतलं आणि ऑफिसात गेले. मला अर्ज लिहिता येत नाही, तिथल्या बाईंनी लिहून दिला, मी सही केली. मागची सही आठवली. साहेब आले, काम बंद केलं. आणि आत्या, कागदावर नाव कुणाचं निघालं असेल? खोदाईचा जबाबदार माणूस म्हणून दादाचं. मीच घालायला लावलेलं.

संध्याकाळी त्याचा फोन आला. काय काय बोलला ते लिहीत नाही. तेव्हापासून माझा नंबर लागत नाही त्याला. त्याने तेवढा माझाच बंद करून टाकलाय, ब्लॉक की काय म्हणतात तसा.

मी तुझ्याकडे यायला निघणारच होते. पण घराला कुलूप बघितलं की हे लोक काय करतील कोण जाणे. तिन्ही काचा अजून धड आहेत. सकाळी उठून आधी त्यांना बघते, मग बाळाला.

माझ्यावर तूही रुसू नकोस.

तुझी,
बारकी


१५ फेब्रुवारी

चि. बारकीस आशीर्वाद.

रागात असलो तरी वर आशीर्वाद लिहायचा, असं आत्याने शिकवलंय म्हणून लिहिला. पत्र आपल्या रखवालदाराबरोबर देतोय.

बाईसाहेब, काम दोन दिवस बंद होतं. माझी माणसं हात चोळत बसली. ठेकेदार चारचौघांत म्हणाला, तुझी सख्खी बहीण तुझ्यावर विश्वास ठेवत नाही, मी कसा ठेवू. याचं उत्तर तू दे, माझी तर मान खाली गेली. वीस वर्षं माझ्या कामावर कोणी बोट ठेवलं नव्हतं. ते बोट घरातूनच निघालं.

आज सकाळी काम परत सुरू करायचा कागद आला. त्यांनी पाया सगळा उघडा केला, ते मला आज इथे आल्यावर दिसलं. मी बोललो. ठेकेदार म्हणाला माती घट्ट आहे, बघ, कुदळ उडते. मी मान हलवली. माती घट्ट आहेच. काचा फुटल्या का? नाही ना? मग?

तुझा नंबर बंद केलाय तो तोंडातून आणखी काही जाऊ नये म्हणून. मी परत दुसऱ्या कामावर निघालोय, तिथले दिवस वाढलेत. बाळाला भिंतीपासून लांब झोपवत जा, एवढं तरी ऐक.

तुझा दादा


१९ फेब्रुवारी

चि. थोरल्यास आशीर्वाद.

बारकीने तुझं पत्र मला धाडलं. तिला रागावू नकोस, मी तुमच्या दोघांची सगळी पत्रं वाचत आलेय, लग्नाआधीचीसुद्धा.

माती घट्ट आहे हे वाक्य मी आधी ऐकलंय. कोरडी असते तोवर सगळीच घट्ट असते. काच धड आहे म्हणजे भिंत धड आहे, असं तुझ्या बापाने कधी सांगितलं? काच फक्त शेवटचं सांगते, आधीचं आपण बघायचं असतं.

तुझी मान खाली गेली म्हणतोस. ठेकेदारासमोर हलली ती मानच होती ना? तुझा बाप दुसऱ्याच्या भिंतीखाली उतरायच्या आधी वर जाऊन विचारायचा, इथे कोण झोपतं. तुला तर विचारायचीही गरज नाही.

टेकू लाव. मग दोघं भांडा, मी मध्ये पडणार नाही, मला काय ऐकू येतंय.

जेवत जा वेळेवर. सदा तुझं भलं चिंतणारी,
आत्या


२३ फेब्रुवारी

चि. बारकीस आशीर्वाद. या वेळी मनापासून.

आत्याचं पत्र आज आलं. दोनदा वाचलं. कामावर पोरांनी विचारलं काय झालं, मी म्हटलं डोळ्यात सिमेंट गेलं.

मान मी हलवली, हे खरं. तू ऑफिसात गेलीस ते बरोबर केलंस. हे मी एकदाच लिहितोय, परत म्हणायला लावू नकोस.

हे पत्र रखवालदाराबरोबर आजच पोचेल. उद्या सकाळी उजाडताच येतो. पोरं यायच्या आधी मी एकटाच खाली उतरतो. लाकडी टेकू इथून घेऊन येतोय, ओळखीच्या टेंपोत. मधले तीन भाग भरून काढले की भिंतीला पाय मिळतील. ठेकेदाराला सांगितलेलं नाही, सांगितलं तर उतरू देणार नाही. तू बाहेर येऊ नकोस, बाळाला धूळ लागेल. चहा ठेव.

नंबर अजून बंदच आहे. समोर आल्यावर तुझ्यादेखत चालू करतो. त्याआधी तू दोन शिव्या घालून घे, हिशेब फिटेल.

तुझा दादा


२४ फेब्रुवारी, सकाळ

वाचणाऱ्यास नमस्कार.

तुम्ही कोण ते मला माहीत नाही, पण पुढे जाऊ नका, आधी हे वाचा. मी या खड्ड्याच्या शेजारच्या घरातली बाई. माझ्या भावाच्या पत्राच्या पाठीवर लिहितेय, दुसरा कागद आणायला घरात जाता येत नाही. अक्षराला हसू नका, बाळ कडेवर आहे.

रात्रभर झोपले नव्हते, भाऊ येणार म्हणून. आनंदाने. चहाचं आधण ठेवलं आणि बाळाला पाजायला बसले, तेवढ्यात खालची काच फुटली. आवाज केवढासा, बांगडी पिचल्यासारखा. मी बघतच राहिले. मग मधली फुटली. दार चौकटीत आवळलं होतं, खांद्याने ढकलून बाहेर पडले. चपलासुद्धा घातल्या नाहीत. आमचे वडील सांगायचे, मागे फिरायचं नाही.

भाऊ खड्ड्यात उतरायला निघालाय. ती भिंत सावरायला येतोय, माझ्यासाठी. पुढच्या रस्त्याने येईल की मागच्या बोळातून, ते मला माहीत नाही. दोन्हीकडे मला उभं राहता येत नाही. मी मागच्या फाटकाशी थांबलेय, इकडे खड्ड्याभोवतीच्या पुढच्या पत्र्याला हा कागद खोचून. रखवालदार जागेवर नाही. समोर सगळी दुकानं, दहाच्या आत एकही उघडत नाही. तरी दहा दारं वाजवली, कुणी उघडलं नाही.

दादा, तूच वाचत असलास तर टेकू तिथेच टाक. माती घट्ट नाही.

दुसरं कोणी वाचत असेल तर हात जोडते, माझ्या भावाला फोन लावा. माझ्या फोनवरून लागत नाही, त्याने माझा नंबर बंद केलाय. तुमचा तो उचलेल, कामाचा फोन समजून उचलतोच. त्याचा नंबर बाजूच्या पत्र्यावर कोळशाने मोठ्ठा लिहिलाय. बहिणीचा निरोप आहे असं सांगत बसू नका, ओळख सांगण्यात वेळ जाईल. फक्त एवढंच सांगा, खालची काच फुटली. त्याला कळेल. आत्ता लावा फोन.